गाळ उपसायचा की तळाशीच ठेवायचा?

सोलापुरात कंबर तलावाच्या काठी उभं राहिलं की जलपर्णी दिसते, खालचा गाळ दिसत नाही. सांडपाण्यातलं शिसं, जस्त, तांबं चिकणमातीच्या बारीक कणांना धरून तळाशी बसतं. मुंबईच्या खाड्यांतही तेच घडतं. नाले आधी रोखायलाच हवेत. पण साचलेल्या गाळाचं काय?

खाडीत, बंदराची वाट सोडली तर, मी उपशाच्या विरोधात आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट, म्हणजे गंधकाचं एक संयुग, भरपूर असतं. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू त्याचं सल्फाइड करतात आणि धातू त्यात बांधले जातात. काळ्या चिखलाला येणारा कुजक्या अंड्यांचा वास त्याच प्रक्रियेतला. हा चिखल ढवळला की त्याला प्राणवायू मिळतो, काही धातू सुटतात आणि कालवं-तिसऱ्यांच्या अंगात साठतात. तीच पुढे ताटात येतात.

तलावात मात्र उपसा बरा. गोड्या पाण्यात सल्फेट कमी, म्हणून धातूंवरची ही पकड सहसा कमजोर. शिवाय गाळातला फॉस्फरस सुटत राहतो आणि जलपर्णीला पोसतो. फक्त हा गाळ तपासल्याशिवाय शेतात टाकू नका. धरणातला गाळ ज्वारीच्या रानाला सोनं, शहरी सांडपाण्याचा तसा नव्हे.