सिबिल खराब झालाय: सेटलमेंट, एफडी कार्ड की गोल्ड लोन?

कर्ज फेडण्याच्या सवयीवरून मिळणारा सिबिल स्कोअर सहाशेच्या खाली गेला की जो भेटेल तो सल्ला देऊन जातो. ऑफिसमधला म्हणतो थकलेल्यापैकी थोडे पैसे देऊन सेटलमेंट करून टाक, घरचे म्हणतात सोनं ठेव बँकेत, आणि व्हॉट्सॲपवर कुणीतरी मेसेज टाकूनच राहिलं की तीस दिवसांत ७५० करून देतो. नागपुरात बेसा-मानेवाड्याकडे फ्लॅट पाहून राहिलेल्या, पण बँकेतून हात हलवत परत आलेल्या लोकांसाठी हे लिहितोय.

पण आधी क्रेडिट रिपोर्ट काढा, त्याशिवाय कशाचीच तुलना होत नाही. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, या चारही क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांना, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. त्यात प्रत्येक खात्याखाली महिन्यामहिन्याचे आकडे असतात, ००० म्हणजे हप्ता वेळेवर, ०६० म्हणजे ६० दिवस थकलेला. माझ्या मामेभावाच्या रिपोर्टमध्ये एका जुन्या क्रेडिट कार्डासमोर 'सेटल्ड' लिहून होतं आणि त्याची समजूत अशी की बँकेचं लेटर हातात आहे म्हणजे विषय संपला. होम लोनच्या वेळी मॅनेजरने सगळ्यात आधी त्याच ओळीवर बोट ठेवलं.

म्हणून पहिला निर्णय हाच, सेटलमेंट की पूर्ण पैसे. समजा कार्डाचे ६० हजार थकलेत आणि बँक २५ हजारात मिटवायला तयार आहे. ३५ हजार वाचले असं वाटतं. पण रिपोर्टवर 'सेटल्ड' येतं, म्हणजे या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, आणि ते वर्षानुवर्षं दिसत राहतं. आता दुसरीकडे ३० लाखांचं होम लोन २० वर्षांसाठी धरा. ते साडेआठऐवजी नऊ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता साधारण साडेनऊशे रुपयांनी वाढतो, वीस वर्षांत सव्वादोन लाखांच्या वर जातात, आणि तेही लोन मिळालं तर. ज्याला पुढे घर घ्यायचंय त्याने थोडं थांबून, उसनंपासनं करून का होईना, पूर्ण पैसे भरावे असं माझं ठाम मत आहे. बँक दंड-व्याज सोडायला तयार असेल तर चांगलंच, पण पैसे भरायच्या आधी लेखी विचारा की रिपोर्टवर 'क्लोज्ड', म्हणजे पूर्ण फेडून बंद, येणार की 'सेटल्ड', कारण सवलत दिली म्हणून सेटल्ड टाकलं असं होतं. नंतर काही देणं बाकी नाही असं नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या, सेटलमेंट लेटर नाही.

नोकरी गेली, घरात दवाखाना लागला, खरंच पैसेच नाहीत, तर सेटलमेंट करा, त्यात लाज कसली. थकीत तसंच ठेवण्यापेक्षा ते बरंच, वसुलीवाल्यांचे फोन तरी थांबतात. पुढे हात मोकळा झाला की उरलेली रक्कम भरून ते खातं क्लोज्ड करून देता का, हे बँकेला विचारता येतं.

जुनं मिटलं की नवीन चांगला रेकॉर्ड तयार करायचा, आणि इथे एफडी कार्ड विरुद्ध गोल्ड लोन. पगारदार माणसासाठी मला एफडी कार्डच बरं वाटतं. १५-२० हजारांची एफडी करायची, तिच्यावर कार्ड मिळतं, लिमिट एफडीपेक्षा थोडं कमी किंवा तेवढंच, स्कोअर खराब असला तरी बँक सहसा देते कारण तिचे पैसे तिच्याकडेच आहेत, आणि एफडीचं व्याज तुम्हाला मिळतच राहतं. पेट्रोल, मोबाइलचं बिल एवढंच त्यावर टाका, वापर लिमिटच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवा, आणि पूर्ण बिलाचा ऑटो-डेबिट लावा. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलाचा फक्त किमान हिस्सा, भरायची सवय असेल तर मात्र हे कार्ड घेऊच नका, थकलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज म्हणजे वर्षाचे चाळीसच्या वर.

गोल्ड लोनचं व्याज त्यापेक्षा कितीतरी कमी, आणि पैशांची खरंच गरज असेल तर तेच घ्या. फक्त स्कोअरसाठी घेत असाल तर दोन गोष्टी पहा. बरीच गोल्ड लोनं वर्षाच्या शेवटी एकदम फेडायची असतात, त्यात दर महिन्याला हप्ता भरल्याची नोंद होतच नाही, म्हणून ईएमआयवालं मागा. आणि इतवारीत ओळखीच्या सोनाराकडे किंवा सावकाराकडे दागिने ठेवले तर ते सिबिलपर्यंत पोचतच नाही, फेडलं काय नि नाही काय. शिवाय थकलं तर आईच्या बांगड्या लिलावात, ही जोखीम एफडीत नाही.

सीताबर्डीत मोबाइल ईएमआयवर घेऊन स्कोअर वाढवायचा विचार सध्या सोडा. खराब स्कोअरवर अर्ज नाकारला जायचीच शक्यता जास्त, आणि प्रत्येक अर्जाची चौकशी रिपोर्टवर चढते.

राहिले तीस दिवसांत ७५० करून देणारे एजंट. रिपोर्टमध्ये दुसऱ्याचं लोन चढलंय, भरलेलं खातं थकीत दिसतंय, असं असेल तर ब्युरोच्या साइटवर तुम्ही स्वतः फुकट तक्रार टाकू शकता. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई द्यायचा आरबीआयचा नियम आहे, आणि तरी दाद मिळाली नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं. एजंट हेच करतो, हजारो रुपये घेऊन, वरून तुमचा पॅन आणि ओटीपी मागून. आणि नोंद खरी असेल तर ती त्याच्याने काय, कोणाच्यानेच निघत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना ब्युरोंकडे निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे बंद केलेलं खातं आता लवकर दिसायला लागतं. स्कोअर वाढायला मात्र कित्येक महिने लागतात, म्हणून होम लोनचा अर्ज वर्षभर तरी पुढे ढकला, आणि तोवर एकही हप्ता, एकही बिल चुकू देऊ नका.