लिहिण्याआधी डोळे मिटायचे, पण आवाज कुणाचा? रेकॉर्डिंग की समोरचा माणूस

लिहायला बसण्याआधी दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटायचे, एका आवाजाच्या मागं मनातल्या मनात कुठंतरी जाऊन यायचं आणि डोळे उघडले की कुणाशी न बोलता थेट वही ओढायची. गाइडेड इमॅजरी नावाचा हा प्रकार लेखन कार्यशाळांना जाणाऱ्यांना आता नवा नाही. त्याचा उपयोग होतो की नाही, हा वादही मी इथं काढत नाही. होतो. प्रश्न आहे तो आवाज कुणाचा असावा एवढाच. मोबाइलवरचं तयार रेकॉर्डिंग लावायचं, की कुणीतरी समोर बसून वाचायचं? लातुरात आमची रविवारची लेखनबैठक असते, तिथं आम्ही दोन्ही चालवून पाहिलं. एकट्यानं लिहिताना मी अजूनही रेकॉर्डिंग लावतो. पण बैठकीत आता माणूसच वाचतो.

आधी रेकॉर्डिंगच्या बाजूनं बोलतो, कारण त्याचे गुण खरे आहेत. पहाटे पाचला उठून लिहिणाऱ्याला त्या वेळी वाचून दाखवायला कोण येणार? शिवाय चारचौघांत डोळे मिटून बसायचा संकोच फार असतो, विशेषतः घरच्या कामातून वेळ काढून येणाऱ्या बायकांना आणि कॉलेजच्या पोरांना. कानात हेडफोन घातला की तो संकोच जातो. आवाज शांत असतो, अडखळत नाही, रोज सारखाच असतो. काहींना त्या सारखेपणाची सवय लागते, आणि तो आवाज सुरू झाला की मन आपोआप लिहिण्याकडं वळतं. हे मी स्वतः अनुभवलंय.

निवड करताना एक गोष्ट तेवढी तपासून घ्या. मराठीत जी रेकॉर्डिंग सहज सापडतात, त्यातली बरीच झोप लागावी, ताण उतरावा म्हणून केलेली असतात. त्यांचा सूर अंग सैल करणारा असतो. लिहिणाऱ्याला अंग सैल हवं, पण मन जागं हवं. सतत बासरी वाजणारं रेकॉर्डिंग मी तरी लिहिण्यासाठी घेणार नाही.

आता ज्या एका त्रासामुळं माझा कल ठरला, तो सांगतो. रेकॉर्डिंग थांबत नाही. म्हणजे मध्ये शांतता असते, पण तिची लांबी आधीच ठरलेली असते, आणि ती ठरवणाऱ्यानं तुम्हाला पाहिलेलं नसतं.

बैठकीत एकदा वेळ अमावस्येच्या शेतावर जायचं ठरलं. आमच्या लातूर-धाराशिव पट्ट्यात येळवस, म्हणजे हीच वेळ अमावस्या, काय असते हे सांगायला नको. मार्गशीर्षातली अमावस्या, ओस पडलेली गावं, भरलेली शेतं, कडब्याची कोप म्हणजे छोटी खोप, आत पूजेला मांडलेले पांडव, आंबिलाचं गाडगं, मिश्र भाज्यांची भज्जी. आमच्यातल्याच एकानं ते मोबाइलवर छान रेकॉर्ड करून आणलं होतं. वाटेनं चला, बांध ओलांडा, कोपीपाशी या, वाकून आत जा, काय दिसतंय ते बघा. मग थोडी शांतता आणि पुन्हा आवाज: आता बाहेर या. डोळे उघडल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, मी आत्ता कुठं आत शिरलो होतो. माझी आज्जी भज्जी वाढत होती. तिचा हात दिसला, तोंड दिसायच्या आत बाहेर यायला सांगितलं." त्यानं त्या दिवशी लिहिलं, पण वाटेबद्दल आणि बांधाबद्दल. आज्जी त्याच्या लिखाणात आलीच नाही.

पुढं तोच मजकूर एका बाईंनी समोर बसून वाचला. त्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडं बघत होत्या. कुणाच्या कपाळावर आठी दिसली, कुणाचे ओठ हलले, की त्या पुढचं वाक्य धरून ठेवायच्या. त्या मुलासाठी त्या बराच वेळ गप्प राहिल्या. बाकीच्यांना ती शांतता लांबली असेल, तरी कुणी तक्रार केली नाही. त्यानं आज्जीवर दोन पानं लिहिली. त्यात तिच्या बांगड्यांत अडकवलेली सेफ्टी पिनही होती.

याला मोजमाप म्हणत नाही. दिवस वेगळा, मुलाची मनःस्थिती वेगळी. तरीही मनातल्या चित्राला वेळ लागतो, हे मानसशास्त्रातही पाहिलेलं आहे. १९७८ साली स्टीफन कॉस्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना एका काल्पनिक बेटाचा नकाशा पाठ करायला दिला. मग नकाशा काढून घेऊन मनातल्या मनात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला सांगितलं. नकाशावर अंतर जितकं जास्त, तितका मनात पोचायला वेळ जास्त लागला. त्या प्रयोगातून कोणता सिद्धांत काढायचा यावर अभ्यासकांत पुढं बरेच वाद झाले, पण लिहिणाऱ्याला त्यातलं एवढं पुरतं: लांब जाणाऱ्याला उशीर होतो. आणि आपल्याला लांब जाणाराच हवा असतो.

आपल्याकडच्या मानसपूजेत ही अडचण येत नाही. देवाला अंघोळ घालायची, गंध लावायचं, फूल वाहायचं, नैवेद्य दाखवायचा, सगळं मनात. पण किती वेळ लावायचा, हे पूजा करणाराच ठरवतो. चांगला कीर्तनकारही समोरच्यांचे डोळे बघून दृष्टांत लांबवतो किंवा आवरतो.

रेकॉर्डिंग मध्येच थांबवता येतं, असं कुणी म्हणेल. येतं. पण त्यासाठी डोळे उघडावे लागतात, पडद्याला हात लावावा लागतो, आणि तिथं कुणाचा तरी मेसेज येऊन पडलेला असतो. माझं तरी चित्र तिथंच मोडतं.

दुसरं कारण त्या मानानं लहान आहे, पण शिक्षकांनी लक्षात घ्यावं असं. काहींना डोळे मिटल्यावर काहीच दिसत नाही. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये लोकांना सकाळच्या नाश्त्याचं टेबल मनात आणायला सांगितलं, तेव्हाच असे लोक पुढं आले होते. २०१५ मध्ये ॲडम झीमन आणि सहकाऱ्यांनी या अवस्थेला ॲफँटेशिया असं नाव दिलं. अशा माणसाला रेकॉर्डिंग दहा वेळा "बघा, बघा" म्हणत राहतं आणि तो मनातून खट्टू होतो. समोरचा माणूस वाट बदलू शकतो. काय दिसतंय याऐवजी काय ऐकू येतंय, हाताला काय लागतंय, कशाचा वास येतोय, असं विचारू शकतो. बघणाऱ्यांनाही वासानं सुरुवात केलेली चांगली पडते, असं मला वाटतं.

माणूस वाचणार म्हटलं की धोकेही आहेतच. काहीजण वाचत नाहीत, नाटक करतात. काहींना स्वतःचं चित्र इतकं आवडतं की दारात आजी उभी आहे, तिनं हिरवं लुगडं नेसलंय, डोक्यावर पदर आहे, असं सगळं तेच सांगून टाकतात आणि ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. दारात कोण उभं आहे, एवढंच विचारावं. असा भरभरून सांगणाराच वाट्याला येणार असेल, तर त्यापेक्षा साधं रेकॉर्डिंग बरं. आणि वाचणाऱ्याला त्या दिवशी स्वतःला लिहिता येत नाही, ही किंमत आहेच. आम्ही पाळीपाळीनं वाचतो.

मधला मार्ग म्हणून स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करणारेही भेटले. मला तो जमला नाही, कारण पुढं काय येणार हे ठाऊक असतं आणि मन आधीच तिथं जाऊन बसतं. त्यापेक्षा मित्राला फोन लावून त्याला वाचायला सांगणं अधिक बरं वाटलं. त्याला चेहरा दिसत नाही, पण "हं" म्हटल्यावरच पुढं जायचं, असं ठरवून घेता येतं.

तेव्हा एकट्यानं, अवेळी किंवा नुकतीच सुरुवात करत असाल, तर रेकॉर्डिंग घ्या. संगीत नसलेलं, तपशील कमी आणि प्रश्न जास्त असलेलं, आणि तुम्हाला नको वाटेल इतक्या लांब शांतता असलेलं शोधा. पण घरात, शाळेत, बैठकीत सावकाश वाचणारं एक जरी माणूस मिळत असेल, तर मी आधी त्याला विचारीन. त्याच्या हातात मजकूर देताना प्रत्येक प्रश्नानंतर कागदावर मोकळी ओळ सोडा आणि तिथं पोचल्यावर मान वर करून समोर बघायला सांगा.