ॲडब्लॉकचा बंदोबस्त करतो म्हणाला आणि माझ्याच पानावर स्वतःचा नंबर लावून गेला

सत्तर हजार पाच रुपये. आकडा आधीच लिहून टाकतो. गेले दोन महिने घराबाहेर कुणी विचारलं की "गेले थोडेफार" एवढंच म्हणत होतो. थोडेफार नव्हते.

मी तासगाव तालुक्यातला. चार एकर द्राक्षबाग, शिक्षण बी.एस्सी. ॲग्री. 2019 पासून द्राक्ष, बेदाणा आणि हळदीवर मराठीत साइट चालवतो. पोंगा अवस्थेत कुठली फवारणी, जीएचं डिपिंग कधी, डाऊनी (केवडा रोग) दिसली तर पहिलं काय करायचं, बेदाण्याचा सौदा कसा निघाला, असलं सगळं. रात्री बागेतून आल्यावर जेवायच्या आधी लिहायला बसायचो. हंगामात महिन्याला दोन-अडीच लाख पानं उघडली जातात, त्यावर गूगल ॲडसेन्सच्या जाहिराती असतात, आणि त्याचे पैसे 21 ते 26 तारखेच्या दरम्यान निघतात. मुलीची फी आणि आण्णांची औषधं त्यातूनच भागतात. हे सांगतोय ते हौशी माणूस हौसेपायी गंडला असं कुणी समजू नये म्हणून. हे आमचं उत्पन्न आहे, बागेइतकंच खरं.

हा माणूस मला सांगलीत एका ओळखीच्याकडून भेटला, जुलै 2024 मध्ये. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ, दर वाक्याला "सर". त्यानं लॅपटॉप उघडून माझ्याच साइटचा एक तक्ता दाखवला. 43 टक्के वाचक ॲडब्लॉक (जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर) लावून येतात, म्हणजे माझे जवळजवळ निम्मे पैसे हवेत जातात. "सर, तुम्ही राबताय आणि लोक फुकट वाचून जातायत." हे वाक्य मला लागलं. कारण खरंच राबतोय. जर्मनीतल्या कंपनीशी त्याचं टायअप आहे, तो माझी साइट व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे ॲडब्लॉकनं सूट दिलेल्यांच्या यादीत टाकणार आणि वर एक रिकव्हरी प्लगइन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) बसवणार, म्हणजे अडवलेल्या जाहिराती परत दिसतील, असं ठरलं.

सेटअपचे 18,500 रुपये. त्यावर जीएसटी म्हणून 3,330. शिवाय ऑगस्टपासून दर महिन्याला लायसन्सचे 2,400. पाच महिने भरले, 12,000 झाले. सगळं यूपीआयनं, एका बाईच्या नावावरच्या खात्यात. "अकाउंट्स मॅडम बघतात" म्हणाला. जीएसटी घेतला, पण बिल आजतागायत नाही. जो जीएसटी मागतो त्याच्याकडून आधी जीएसटी नंबर घ्या आणि सरकारी पोर्टलवर टाकून बघा. फुकट आहे, एका मिनिटात कळतं. मी बघितलं नाही.

आता त्या 43 टक्क्यांचं. ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वाचकांच्या मोजदादीत, मी रोज बघतो की माझे शंभरातले ब्याण्णव वाचक मोबाइलवरून येतात, आणि त्यातले बहुतेक अँड्रॉइडच्या क्रोमवरून. त्या क्रोमवर एक्स्टेन्शनच, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचा प्रोग्रॅम, बसत नाही. म्हणजे ॲडब्लॉक प्लस किंवा यूब्लॉक ओरिजिन अशी जाहिराती अडवणारी एक्स्टेन्शन्स या लोकांच्या फोनमधल्या क्रोमवर असूच शकत नाही. कुणी ब्रेव्हसारखा जाहिराती अडवणारा ब्राउझर वापरत असेल, कुणी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून वाचत असेल. पण बागेत पंप पाठीवर घेऊन उभं राहून फोनवर डोस शोधणारा माणूस? 43 टक्के? हा हिशोब करायला मला पाच मिनिटंही लागली नसती. ज्यानं मला तक्ता दाखवला त्याच्यापेक्षा माझे वाचक मला जास्त माहीत होते, तरी मी त्याच्या तक्त्यावर विश्वास ठेवला.

आणि ती जर्मनीतली गोष्ट. ॲडब्लॉक प्लसवाल्या जर्मन कंपनीची 'ॲक्सेप्टेबल ॲड्स' नावाची योजना खरोखर आहे, 2011 पासून. चमचम न करणाऱ्या, मजकुराच्या मधेच न घुसणाऱ्या साध्या जाहिरातींना ते सूट देतात. पण पैसे फक्त मोठ्यांकडून घेतात, ज्यांना त्या सुटीमुळे महिन्याला एक कोटीहून जास्त जादा जाहिराती दाखवता येतात त्यांच्याकडून. माझ्यासारख्याला अर्ज फुकट आणि तो स्वतःच करता येतो, मधे माणूस लागत नाही. यूब्लॉक ओरिजिन तर असली सूटच मानत नाही. म्हणजे त्यानं मला फुकटची वस्तू विकली, आणि तीसुद्धा त्यानं बसवलेली नव्हती. ॲडब्लॉक लावलेल्या वाचकाला "कृपया जाहिराती चालू करा" असा मेसेज दाखवायची सोय ॲडसेन्सच्या खात्यातच 'प्रायव्हसी अँड मेसेजिंग'मध्ये असते. तीही फुकट. हे मला जानेवारीत कळलं.

"प्लगइन टाकायला ॲडमिन लॉगिन लागेल सर." दिलं. वर्डप्रेसचं, म्हणजे ज्यावर साइट चालते त्याचं, पूर्ण ॲडमिन, आणि होस्टिंगचा पासवर्डसुद्धा. व्हॉट्सॲपवर. देऊ नका. कितीही गोड माणूस असला, कुणाच्याही ओळखीचा असला तरी देऊ नका. काम करून घ्यायचंच असेल तर शेजारी बसवा, आपण टाइप करा, तो सांगेल.

आता ज्या रात्रीमुळे मला अजून झोप लागत नाही ती सांगतो. ऑगस्टचा दुसरा आठवडा, बाहेर पाऊस, लाइट येत-जात होती. साइटच्या फायली बघताना मी ॲड्स डॉट टीएक्सटी उघडली. साइट चालवणाऱ्यांना माहीत असेल, आपल्या साइटवर जाहिराती विकायचा हक्क कुणाकुणाला आहे ते त्या फायलीत लिहिलेलं असतं. 2017 पासून ही पद्धत आली, ती नेमकी दुसऱ्यानं आपल्या नावावर जाहिराती विकू नयेत म्हणून. माझ्या फायलीत पाच वर्षं एकच ओळ होती. त्या रात्री दोन होत्या. पहिली माझी, माझ्या ॲडसेन्स खात्याचा नंबर 41 नं संपणारा. दुसरीही हुबेहूब तशीच. तीच कंपनी, शेवटी तेच 'डायरेक्ट', फक्त 'पब' (पब्लिशर, म्हणजे खातेदार) नंतरचे सोळा आकडे वेगळे, शेवटी 08.

मी बघितलं. नुसतं बघितलं नाही, बोट स्क्रीनवर ठेवून आकडे मोजले. फोटो काढून त्याला पाठवला, "हा कुणाचा नंबर?" दोन मिनिटांत उत्तर आलं, "सर ती रिकव्हरी पार्टनरची लाइन आहे, डिलीट करू नका, नाहीतर व्हाइटलिस्ट तुटेल." आणि मी फाइल बंद केली. आपल्या सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढलेलं दिसलं असतं तर मी तलाठी कार्यालयात जाऊन बसलो असतो. इथं "बरं" म्हणून झोपलो. तिथंच ओळ पुसली असती, पासवर्ड बदलला असता, तर नुकसान साडेचोवीस हजारांच्या आत राहिलं असतं.

पुढचं सगळं त्या ओळीतून झालं. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की माझी साइट दरवर्षी उसळी घेते. परतीचा पाऊस, डाऊनीची धास्ती, लोक रात्री बारालाही शोधत असतात. 2023 मध्ये ऑक्टोबरला 21,740, नोव्हेंबरला 24,310, डिसेंबरला 19,860 मिळाले होते. 2024 मध्ये त्याच महिन्यांत 12,180, 9,640 आणि 7,915. फरक 36,175 रुपयांचा. हे आणि त्याला दिलेले 33,830 मिळून सत्तर हजार पाच. ऑगस्ट-सप्टेंबरचं धरलेलंच नाही, तेव्हा तसंही कमी असतं. वाचक मात्र वाढले होते. वाचक वाढतात आणि पैसे घटतात, हे कसं? विचारलं तर म्हणे, फिल्टर लिस्ट अपडेट व्हायला दोन-तीन महिने लागतात, आधी पडतं, मग चढतं. मलाही ते पटलं, कारण छाटणीनंतर वेल आधी उघडीच पडते. तुमच्या ॲनालिटिक्समधली पानं आणि जाहिरात खात्यातली पानं शेजारी ठेवून बघत जा. दोन्हींत मोठी तफावत आली तर मधे कुणीतरी आहे.

जानेवारीत भाचा आला. सांगलीत इंजिनिअरिंगला आहे. त्यानं सोप्यात बसून त्याच्या लॅपटॉपवर माझं एक पान उघडलं, पानाचा सोर्स, म्हणजे मागचा कोड, काढला आणि 'पब' शोधलं. चार ठिकाणी सापडलं. तीन ठिकाणी 08. मी माझ्या लॅपटॉपवर तेच पान उघडलं तर चारही 41. तो म्हणाला, "मामा, तुम्ही लॉगिन आहात म्हणून." प्लगइन असं केलेलं की ॲडमिन बघत असेल तर माझा नंबर, बाकी सगळ्यांना त्याचा. पाच महिने मी रोज माझी साइट बघत होतो आणि वाचक दुसरीच बघत होते. आण्णा खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांना सोर्स, पब काही कळत नाही. एवढंच म्हणाले, "माल आपला आन पट्टी दुसऱ्याच्या नावानं?" बायको काही बोलली नाही. जुलैमध्ये तीच म्हणाली होती, बिल घ्या म्हणून.

म्हणून आपली साइट महिन्यातून एकदा तरी दुसऱ्याच्या फोनवर, लॉगिन न करता उघडा.

त्याला फोन लावला. पहिल्या दिवशी "बघतो सर", दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

आता पुढचं. 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तो नंबर चांगला आहे, पण पैसे गेल्या गेल्या केला तर. खात्यात पैसे असतील तोवर ते गोठवता येतात. माझा शेवटचा हप्ता जाऊन पाच आठवडे झाले होते. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणाले, हे सायबरचं काम. सायबरला गेलो तर म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यात अर्ज द्या. परत गेलो. रक्कम विचारली, सांगितली, तर समोरचा शेजारच्याकडे बघून म्हणतो, "इथं लोकांचे वीस-वीस लाख जातायत." म्हणजे सत्तर हजार गेलेल्यानं घरी बसायचं? एक टन द्राक्षं पिकवायला काय लागतं हे त्या खुर्चीत बसून कळत नाही.

पुढचा प्रश्न, "पासवर्ड तुम्हीच दिला ना? मग चोरी कशी?" घराची किल्ली प्लंबरला दिली म्हणून तिजोरी न्यायची परवानगी दिली असं होतं का? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 43 आणि 66 आहे, भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं 318 आहे. मी छापून नेलं होतं. कागद न वाचता माझ्याकडे सरकवला. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या गुन्ह्याचा तपास पीआय (पोलीस निरीक्षक) किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानंच करायचा असतो, आणि साहेब एकदा बंदोबस्ताला, एकदा मीटिंगला, एकदा रजेवर. सहा खेपा झाल्या. प्रत्येक खेपेला बागेतला एक दिवस मोडला, तोही द्राक्षं उतरायच्या ऐन दिवसांत. हे सत्तर हजारांत धरलेलं नाही.

बँकेनं तर एका वाक्यात वाटेला लावलं. पिन तुम्ही टाकला, व्यवहार तुमच्या संमतीचा. रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम, कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाला झळ नाही, तो आपल्या नकळत झालेल्या व्यवहारांना. मला मान्य आहे. पण ते खातं कुणाचं, त्यावर अशा किती तक्रारी आहेत, एवढं तरी बघा म्हणालो, तर "पोलिसांचं पत्र आणा." पोलीस म्हणतात, बँकेकडून स्टेटमेंट आणा.

पोर्टलवर तक्रार अजून 'प्रक्रियेत' आहे. मागच्या आठवड्यात एका हवालदारांचा फोन आला, आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन या. तिसऱ्यांदा. सोमवारी जाणार आहे. यूपीआयचे सातही बारा-आकडी नंबर, व्हॉट्सॲपचं सगळं बोलणं तारखेसकट छापून, आणि ऑगस्टमधला तो दोन ओळींचा फोटो, सगळं एका फाइलमध्ये लावलंय.

मिरज, पलूस, कवठेमहांकाळ, वाळवा, कुठंही कुणाला ॲडब्लॉकच्या नावाखाली असा मऊ बोलणारा माणूस भेटला असेल तर आज रात्रीच ॲड्स डॉट टीएक्सटी उघडून ओळी मोजा. शेवटी 08 असलेला नंबर दिसला तर पुसायच्या आधी फोटो काढा आणि मला कळवा. एकट्याचे सत्तर हजार त्यांना कमी वाटतात. पाच जणांचे मिळून गेलो तर कागद तरी वाचतील.