लिमिटर वाढवायचाय? अक्कलकोट रोडचं हे गॅरेज आधी इंजिन उघडतं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, लूमचे पार्ट करणाऱ्या लेथवाल्यांच्या गल्लीत हे गॅरेज आहे. बाहेर बोर्ड नाही, मॅपवरही नीट सापडत नाही. ‘इंजिनवाले चाचा कुठं?’ असं कुठल्याही टर्नरला विचारा, तो दाखवेल. आरपीएम लिमिट (इंजिनाने मिनिटाला किती फेरे घ्यावेत त्याची मर्यादा, लिमिटर तिथे इंजिन अडवतो) वाढवायची आहे आणि इंजिनही शाबूत ठेवायचं आहे, अशा माणसाने पुण्याला पळण्याआधी इथे यावं, म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय.

माझी गाडी जुनी होंडा सिटी, दीड लिटरची 106 हॉर्सपॉवरवाली व्हीटेक. कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर ट्रॅक डेला नेतो. तिथे एका वळणाच्या जरा आधी दुसऱ्या गिअरमध्ये लिमिटर लागायचा. तिसरा टाकावा तर लगेच ब्रेक मारून पुन्हा दुसरा. वर साधारण 400 आरपीएम मिळाले तर हे दोन्ही शिफ्ट वाचत होते. मला हवं होतं ते एवढंच.

एका ट्युनिंगवाल्याने लॅपटॉप उघडून ‘अर्ध्या तासात करतो, 8500 करू का?’ असं विचारलं होतं. चाचांनी आधी डायनोचा, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनचा, कागद मागितला. माझ्या गाडीची पॉवर 6800 च्या आसपास टोकाला पोचते आणि पुढे हळूहळू उतरते. त्या उतारावर पेन्सिलीने रेघ मारून ते म्हणाले, “8500 घेऊन काय करायलायस बे? पॉवर खाली आलीय, नुसता आवाज वाढंल. 400 मागतोस ते बराबर हाय. त्याच्या वर मी करत नाही.”

मी होंडाच्याच एस2000 या स्पोर्ट्स कारचा मुद्दा काढला. त्या गाडीच्या एफ20सी इंजिनाचा स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) 84 मिलिमीटर, माझ्या इंजिनाचा 84.5. ती 1999 साली कंपनीतूनच 9000 ची रेडलाइन, म्हणजे आरपीएमची वरची हद्द, घेऊन आली, मग माझं इंजिन तिथवर का जाऊ नये? चाचांनी तिथेच हिशेब मांडला. 9000 ला तिच्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला 25 मीटरच्या थोडा वर जातो. माझ्याही पिस्टनचा तेवढाच होईल, पण तो भार उचलायला तिचे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे), पिस्टन, स्प्रिंगा पहिल्यापासून त्याच तयारीने बनवलेल्या आहेत. पुढे होंडाने 2.2 लिटरचं इंजिन दिलं, स्ट्रोक 90.7 केला, तेव्हा स्वतःच रेडलाइन 8000 वर आणली. कंपनीलाही हा हिशेब चुकवता येत नाही.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती प्रत्येक हौशी माणसाने लक्षात ठेवावी. ताण आरपीएमच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 7000 चे 8000 केले की आरपीएम वाढतो 14 टक्के, पण पिस्टन रॉडला ओढतो तो जोर वाढतो 31 टक्के. सगळ्यात वाईट क्षण एक्झॉस्ट स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टन धूर बाहेर ढकलतो तेव्हाच्या, वरच्या टोकाचा. वरून दाबायला जळणारा गॅस नसतो, सगळी ओढ रॉडच्या दोन बोल्टांवर येते. आमचा धंदा टॉवेलचा, त्यामुळे मला लगेच पटलं: मोठी पुली टाकून लूम पळवता येतो, पण मग पिकिंग स्टिका (धोटा फेकणाऱ्या काठ्या) तुटायला लागतात.

बोल्ट म्हणजे किरकोळ वस्तू वाटते. 2014 साली पोर्शेने 9000 ला फिरणाऱ्या 911 जीटी3 च्या 785 गाड्यांची इंजिनं बदलून दिली, ती कनेक्टिंग रॉडचा जोड सैल होत होता म्हणून. चाचांनी माझे जुने बोल्ट काढून एआरपी कंपनीचे घातले. नवे बोल्ट कसले की रॉडचं मोठं भोक किंचित आकार बदलतं, म्हणून शेजारच्या वर्कशॉपमधून ते पुन्हा होन करून (घासून अचूक गोल करून) आणलं. नुसत्या टॉर्क रेंचवर ते विसंबून राहिले नाहीत, बोल्ट किती ताणला गेला ते गेजने मोजलं. ही मेहनत बिलात दिसत नाही, पण पैसे याचेच आहेत.

मग व्हॉल्व्ह स्प्रिंग. आरपीएम फार वाढला की स्प्रिंगला कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) मागे धावणं जमत नाही, व्हॉल्व्ह वेळेत बंद होत नाही आणि पिस्टनला भेटायची भीती. म्हणून जरा कडक स्प्रिंगा घातल्या, पण प्रत्येक टेस्टरवर दाबून बघून. गरजेपेक्षा कडक घेतली तर कॅमचे लोब घासतात, असं ते म्हणाले, आणि मी आणलेला एक सेट त्यांनी त्याच कारणाने परत केला.

शेवटी स्वतंत्र ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि लिमिटरचा आकडा. कट इंधनाचा ठेवलाय, स्पार्कचा नाही. स्पार्क तोडला की न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो खराब होतो. गाडी हातात देताना त्यांनी बजावलं: पाचव्यातून चौथा टाकताना चुकून दुसरा पडला तर लिमिटर वाचवू शकत नाही. तेव्हा चाकं इंजिनाला फिरवतात, कॉम्प्युटरच्या हातात काही राहत नाही.

त्रास आहे तो वेळेचा. स्प्रिंगा बाहेरून मागवाव्या लागल्या, कबूल केलेली तारीख बरीच पुढे सरकली, आणि चाचा फोन उचलत नाहीत. जाऊनच बघावं लागतं. ईसीयू धरून खर्च दीड लाखाच्या पुढे गेला. गावात फिरवायच्या गाडीसाठी हा खर्च करू नका, तिथे याचा काडीचा फायदा नाही.

कारीवर मात्र ते वळण आता दुसऱ्या गिअरमध्येच सरळ निघतं. उन्हाळ्यानंतर ऑइल बदलताना फिल्टर कापून बघितला, धातूचा कण नव्हता. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरला जुळतंय.

शुक्रवारी दुपारी गॅरेज बंद असतं. जाताना डायनोचा कागद न्या, त्याशिवाय ते काम हातात घेत नाहीत.