पुण्यातला फोटोग्राफी + एडिटिंगचा बेसिक क्लास : रविवारच्या लॅबसाठी जा, भिगवणच्या ट्रिपसाठी नको

क्लासचं नाव लिहीत नाहीये, कारण खाली तक्रारी पण बऱ्याच आहेत आणि मला कुणाशी भांडत बसायचं नाहीये. तसंही डेक्कन ते सदाशिव पेठ या पट्ट्यात असे वीकेंडवाले क्लास पायलीला पन्नास आहेत आणि सगळ्यांचं पॅकेज साधारण सारखंच, आधी कॅमेरा, मग एडिटिंग, मधे दोन-तीन आउटडोअर आणि शेवटी लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट. फी नऊ हजार. भिगवणच्या ट्रिपचे पैसे वेगळे, हे ॲडमिशन घेतल्यावर कळतं.

निकाल आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. कॅमेऱ्याची थिअरी बरी शिकवतात, पण तेवढी यूट्यूबवर फुकट मिळते. माझे पैसे वसूल झाले ते रविवारच्या एडिटिंग लॅबमधे, आणि गंमत म्हणजे तिथे मी एडिटिंगपेक्षा फोटो काढायलाच जास्त शिकले. कसं ते सांगते.

सुरुवातीचे शनिवार फळ्यावरच जातात. आयएसओ (आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून घेतो), शटर (उजेड किती वेळ आत येतो), ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक), तो प्रसिद्ध त्रिकोण, सगळे वह्यांमधे काढतात. एफचा आकडा वाढला की भोक लहान होतं हे ऐकून अर्धा वर्ग गोंधळला, तेव्हा सरांनी एकच गोष्ट सांगितली जी मला आजवर कुठल्या व्हिडिओत नीट कळली नव्हती. लेन्सचे एमएम भागिले एफचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास. ५० एमएमची लेन्स एफ २ ला असेल तर भोक २५ मिलिमीटरचं, एफ ८ ला सव्वासहा मिलिमीटरचं. भागाकार आहे हो, खालचा आकडा वाढला की उत्तर लहानच येणार. बस, त्यानंतर कधी गोंधळ झाला नाही. सर माणूस म्हणून चांगले आहेत, शांत, विनोदी, कुणाच्या कॅमेऱ्याला नावं ठेवत नाहीत, फक्त वेळेवर येत नाहीत. आठची बॅच साडेआठला सुरू होते आणि त्याचं कुणाला काही वाटतही नाही, पुण्यात असूनसुद्धा.

वर्गात पंचवीसेक जण. कोथरूडचे एक रिटायर्ड काका ज्यांना फक्त पक्षी काढायचे होते, इमिटेशन ज्वेलरी ऑनलाइन विकणारी एक मुलगी, प्री-वेडिंग शूटच्या धंद्यात उतरायचंच असं ठरवून आलेली दोन पोरं, आणि माझ्यासारख्या घरात पडून असलेला डीएसएलआर काहीतरी कामाला लागू दे म्हणून आलेल्या बऱ्याच बायका. दोघं-तिघं नुसता मोबाईल घेऊन आले होते. जाहिरातीत मोबाईल चालेल असं लिहिलंय खरं, पण बहुतेक मोबाईलमधे ॲपर्चर बदलताच येत नाही, मग त्या त्रिकोणाची एक बाजू त्यांच्यासाठी फळ्यावरच राहिली. बिचारे प्रो मोड उघडून शटर-आयएसओशी खेळत बसायचे.

पहिलं आउटडोअर कसबा पेठेत तांबट आळीत. हे मात्र झकास. तांब्याच्या भांड्यावर छोट्या हातोडीने एकसारखे ठोके पाडत जायचं ते मठारकाम, आतमधे दुकानात अंधार, दारातून येईल तेवढाच उजेड आणि त्या उजेडात लालभडक हंडा. आधी बोला, विचारा, मग कॅमेरा काढा असं सरांनी बजावलं होतं म्हणून आम्ही विचारलं, कारागीर हो म्हणाले, आणि आम्ही सगळे दारात कोंडाळं करून उभे राहिलो. दोन मिनिटांनी ते मान वर न करता म्हणाले, "ताई, जरा बाजूला सरका, उजेड अडतोय." सर मागून हसायला लागले, म्हणाले बघा, प्रकाश कुठून येतोय हे इथे फक्त त्यांनाच माहितीये. मग आम्हाला बाजूला भिंतीला टेकवून उभं केलं आणि तोच फोटो दोन प्रकारे काढायला लावला. शटर १/५०० सेकंदाला ठेवलं की हातोडी हवेत गोठते, पण मग माणूस नुसता हातोडी धरून पोज देतोय असं दिसतं. १/३० ला हंडा आणि चेहरा जागेवर, हात मात्र पुसट, आणि त्या पुसटपणात ठोका दिसतो. कुठला चांगला ते सांगितलं नाही, ठरवा म्हणाले.

पाताळेश्वरला पण नेलं होतं, जंगली महाराज रोडवर, तिथे ट्रायपॉड परवानगीशिवाय चालत नाही म्हणून खांबाला टेकून, श्वास रोखून, आयएसओ १६०० वगैरे करून काढायला शिकवलं. आणि काळा दगड कॅमेरा करडा का करतो हे तिथे समजलं. कॅमेऱ्याचा मीटर समोर काहीही असू दे, ते मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. म्हणून काळा कातळ उजळून राखाडी येतो आणि ढोल-ताशा पथकातल्या मुलांचे पांढरेशुभ्र कुर्ते मळकट येतात. काळ्याला एक स्टॉप मायनस (म्हणजे उजेड निम्मा), पांढऱ्याला एक स्टॉप प्लस (म्हणजे दुप्पट), एवढंच करायचं. दरवर्षी लक्ष्मी रोडला मिरवणुकीचे फोटो काढून ते कुर्ते असे का दिसतात म्हणून वैतागणाऱ्यांसाठी ही एवढी एकच टीप पुरेशी आहे.

आता लॅब. रविवारी सगळ्यांनी पेनड्राइव्हमधे आपापले न निवडलेले, न कापलेले फोटो आणायचे आणि सर त्यातला कुणाचाही एक उचलून प्रोजेक्टरवर लावणार. लाइटरूममधे, म्हणजे फोटो नीट करायच्या सॉफ्टवेअरमधे. नियम असा की फोटो ज्याचा आहे त्यानेच तो स्लायडर ओढून नीट करायचा, आणि काम झालं की सर स्लायडरचे आकडे मोठ्याने वाचून दाखवणार.

काकांचा तांबट आळीचा फोटो लागला. अंधारा. काकांनी एक्स्पोजर ओढत ओढत प्लस २ वर नेलं, फोटो उजळला, काका खूश. सरांनी विचारलं शटर किती होतं? १/२५०. प्लस २ म्हणजे दोन स्टॉप, म्हणजे १/२५० चं १/१२५ आणि १/१२५ चं १/६०. "काका, हातोडी तुम्हाला गोठवायची नव्हतीच, मग १/६० ला का नाही काढला?" काका म्हणाले अहो पण इथे होतंय ना ठीक. होतंय, झूम करा. झूम केलं तर सावलीत सगळीकडे लाल-हिरवे ठिपके आणि चेहरा रवाळ. अंधारातून ओढून काढलेल्या उजेडासोबत नॉइज येणारच. आणि हंड्याच्या कडेला जिथे दारातला उजेड पडला होता तिथे एक पांढरा पट्टा, पूर्ण उडालेला, तिथे हायलाइट्सचा स्लायडर कितीही खाली ओढा, काही परत येत नाही, कारण तिथे काही नोंदलंच गेलेलं नाही. वर परत फोटो जेपेगमधे काढलेला. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने दाबून लहान केलेली फाइल, ८ बिट, प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, ती १२ बिट असेल तर ४०९६ आणि १४ बिट असेल तर १६३८४. हे आकडे फळ्यावर आधी लिहून झाले होते, तेव्हा कुणाच्या काही डोक्यात शिरलं नव्हतं. काकांच्या फोटोत भिंतीवरच्या सावलीचे पट्टे पट्टे झालेले दिसले तेव्हा सगळ्या वर्गाने मुकाट्याने कॅमेरे काढून रॉ चालू केलं.

मग माझी पाळी. तुळशीबागेतला बांगड्यांच्या दुकानाचा फोटो, बाई आत बसलेल्या, आत पिवळा बल्ब, बाहेर दिवसाचा उजेड. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची झाक काढायचा स्लायडर) निळ्याकडे ओढला की चेहरा ठीक पण बाहेरचा रस्ता निळा, पिवळ्याकडे ओढला की रस्ता ठीक आणि बाईंना कावीळ. बल्ब ३००० केल्विनच्या (उजेडाचा रंग मोजायचं एकक) आसपास, दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास, एका स्लायडरने दोघांचं समाधान होणार कसं. मास्क लावून, म्हणजे फोटोचा एकच भाग निवडून, होतं, सरांनी करून दाखवलं, त्यात पाच मिनिटं गेली. मग म्हणाले त्यांना एक हात पुढे सरकून बसता का विचारलं असतं तर बाहेरचा उजेड तोंडावर आला असता, पाच सेकंदांचं काम. पुढच्याच खेपेला तसं विचारलं, त्या सरकल्या, वर दोन डझन बांगड्या गळ्यात मारल्या, पण फोटो असा आला की एडिट करायला काही उरलंच नाही.

हा प्रकार दर रविवारी. क्रॉप करून फोटो निम्म्या रुंदी-उंचीचा केला की सर म्हणणार २४ मेगापिक्सेलचे ६ राहिले, पुढे का नाही गेलात, पाय दुखत होते का? सरळ करायचा स्लायडर प्रत्येक फोटोला एकाच बाजूला ओढावा लागत असेल तर तुम्ही कॅमेराच वाकडा धरता. ज्वेलरीवाल्या मुलीने स्वतःच्या चेहऱ्याचा फोटो गुळगुळीत करत करत इतका केला की सर म्हणाले बाई गं, पेढा झाला, आता वर पिस्ता लाव. ती पण हसली. दोन महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की दुकानासमोर, देवळासमोर उभी राहिले की मला तो स्लायडर आधी दिसायला लागलाय, इथे प्लस २ करावं लागणार, मग आत्ताच शटरचा वेग कमी कर. नऊ हजारांतले सात हजार मी या सवयीचे धरते.

आता तक्रारी. लॅबमधे मशीन कमी, एकावर तिघं, त्यामुळे ज्याच्या हातात माउस तो शिकतो आणि बाकीचे बघतात. सॉफ्टवेअरची कुठली व्हर्जन होती आणि कुठून आणली होती हे विचारू नका, मी पण नाही विचारलं. मॉनिटर सगळे निळसर, एकाचेही रंग नीट जुळवून (कॅलिब्रेट करून) घेतलेले नाहीत, त्यामुळे तिथे मस्त दिसणारे फोटो घरी पिवळे आणि प्रिंट काढल्यावर काळपट. जिथे रंग शिकवता तिथे निदान सरांचा एक मॉनिटर तरी धड असायला हवा ना राव. फोटोशॉप तर शेवटी शेवटी उरकलं. लेयर, मास्क, हीलिंग ब्रश, सगळं एका दमात, आणि त्यातही बराच वेळ गेला प्री-वेडिंगवाल्या पोरांच्या आग्रहाखातर बॅकग्राउंड बदलण्यात. खडकवासल्याच्या बंधाऱ्यावर उभं असलेलं जोडपं बर्फाच्या डोंगरात नेऊन ठेवलं. प्रकाश डावीकडून, डोंगरावरची सावली पण डावीकडे. सरांना दिसत होतं, बोलले नाहीत.

लेन्सचा एक विषय आहे. अमुक दुकानातूनच घ्या, माझं नाव सांगा असं दोनदा-तीनदा झालं. मी चौकशी केली, दुसरीकडे तीच लेन्स स्वस्त होती. घ्यायचीच तर ५० एमएम एफ १.८ घ्या, जवळपास प्रत्येक कंपनीच्या सगळ्यात स्वस्त लेन्समधे ती असते आणि घरात, देवघरात, लहान मुलांसाठी कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या किट लेन्सपेक्षा कितीतरी कामाची. पावसाळ्यात ती कपाटात कपड्यांमधे ठेवू नका, बुरशी धरते, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा. हे क्लासमधे कुणी सांगितलं नाही, काकांनी सांगितलं, त्यांची एक लेन्स अशीच गेली होती.

आणि भिगवण. उजनीचं बॅकवॉटर, हिवाळ्यात फ्लेमिंगो, पहाटे निघायचं, नाव करून पाण्यात जायचं, ऐकायला फार छान. वेगळे पैसे घेतले. पण वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांकडे १८-५५ ची किट लेन्स, तिथे फ्लेमिंगो म्हणजे पाण्यावर गुलाबी ठिपके. पक्ष्यांसाठी ४०० एमएमच्या आसपास काहीतरी लागतं, हे आधी सांगायला काय हरकत होती? एकट्या काकांकडे मोठी लेन्स होती, ते नावेच्या टोकाला बसून खटाखट काढत होते आणि आम्ही मागे बसून काकांचे फोटो काढत होतो (ते चांगले आले). ट्रिपमधे सर सगळ्यात जास्त वेळ स्वतःचे फोटो काढत होते, एवढंच लिहिते.

सर्टिफिकेटचा उपयोग शून्य, पण ते मिळालं म्हणून घरचे खूश.

घरी सराव करायचा असेल तर लाइटरूमचं दर महिन्याचं भाडं भरायची गरज नाही, डार्कटेबल आणि रॉथेरपी दोन्ही फुकट आहेत, फोटोशॉपच्या जागी गिम्प. डार्कटेबल पहिल्यांदा उघडल्यावर घाबरायला होतं, इतकी बटणं आहेत, पण एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, क्रॉप एवढं सापडलं की काम भागतं. प्रिंटला देताना एसआरजीबीमधे (रंगांचा सगळीकडे चालणारा ठराविक संच) एक्स्पोर्ट करा, आणि ८ बाय १२ इंचाच्या प्रिंटला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३६०० पिक्सेल पुरतात, त्यामुळे जुना १०-१२ मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे म्हणून लाजू नका.

तर ज्यांच्याकडे कॅमेरा आहे आणि ज्यांना आपले फोटो चारचौघांत प्रोजेक्टरवर लावलेले सहन होतात त्यांनी जावं. नुसतं फोटोशॉप शिकायचं असेल तर दुसरीकडे बघा. मोबाईलवाल्यांनी नऊ हजार घालू नयेत. ॲडमिशन घेताना लॅबमधे एका मशीनवर किती जण हे आधी विचारा, आउटडोअर धरून एकूण फी किती हे कागदावर लिहून घ्या. शनिवार-रविवारऐवजी मंगळवार-गुरुवार संध्याकाळची पण बॅच असते, तिथे आठ-दहाच जण येतात, फी तीच, आणि सर पण म्हणे वेळेवर येतात, कारण त्यानंतर क्लासच्या जागेत योगावाले असतात.