१९३९च्या रुपयापायी गेलेले ५५,१४० रुपये

नाणी जमवणाऱ्या प्रत्येकाने हे वाचा. जे घरबसल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या लिलावातून नाणी घेतात त्यांनी तर वाचाच. माझे ५५,१४० रुपये गेले: ५४,५०० नाण्याचे, ६४० कुरियर आणि विम्याचे. फसवणारा मोकळा आहे आणि ग्रुप बदलून तोच धंदा करतोय. आणि ज्यांनी त्याला धरायचं, ते मला विचारतात, "मॅडम, एका रुपयासाठी पन्नास हजार दिलेतच कशाला?"

मी सांगलीची, हायस्कूलवर इतिहास शिकवते. मला कुणी नवशिकी समजू नये. शिवराईवरचं 'श्री राजा शिव' झिजून नुसतं 'जा शि' उरलेलं असलं तरी मी ओळखते. भोकाचा पैसा, ढब्बू पैसा, राणी छाप रुपये, संस्थानांची तांब्याची नाणी, हे सगळं पगारातून बाजूला काढलेल्या पैशांत वर्षानुवर्षं जमवलेलं आहे. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेचं संग्रहालय पाहून आल्यावर तर घरातल्या दोन खणांना कुलूप लागलं. "ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट द्या, लाखो रुपये घ्या" असल्या जाहिरातींना मी कधी भुलले नाही, उलट शाळेतल्या दोन शिपायांना त्यातून वाचवलं आहे. तरीही मला फसवलं गेलं, कारण हा माणूस नाणी जाणणाऱ्यांनाच गाठतो.

सुरुवात नेहमीसारखीच. आधी लहान, सचोटीचे व्यवहार. क्वार्टर आण्यांचा एक लॉट ८५० रुपयांना, सगळी नाणी अस्सल. मग १८६२चा राणी छाप रुपया २,४०० रुपयांना, तोही अस्सल. पाकीट वेळेवर, आत कापूस, वर स्वच्छ अक्षरात पत्ता. आधी 'मॅडम' होते, मग 'ताई' झाले. दिवाळीला शुभेच्छा, आईच्या आजारपणाची चौकशी. हे दोन व्यवहार म्हणजे गळाला लावलेलं आमिष होतं. पहिले व्यवहार चोख झाले म्हणून पुढच्या मोठ्या व्यवहाराची खात्री धरू नका. तो चोखपणा त्यांच्या भांडवलातच धरलेला असतो.

मग एके रात्री मेसेज आला. "ताई, आजोबांचा संग्रह काढतोय. बाबांना ॲडमिट केलंय. १९३९ आहे. ग्रुपवर टाकण्याआधी तुम्हाला विचारतो."

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सहाव्या जॉर्जचा रुपया १९३८ साली मुंबईच्या टांकसाळीत पडला. तो जुन्या चोख चांदीचा, बारा भागांत अकरा भाग चांदी, वजन एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. १९३९ साली महायुद्ध सुरू झालं, लोक चांदी दडवू लागले आणि १९४०पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. त्यामुळे चोख चांदीचा १९३९चा रुपया बाहेर फार थोडा आला. १९३८चा सराफाकडे, प्रदर्शनात, कुठेही मिळतो. १९३९चा मिळत नाही. दोन्हींत फरक काय? शेवटचा एक आकडा.

त्याने ६२,००० सांगितले. मी घासाघीस केली, ५४,५०० ठरले. चांगल्या स्थितीतला यापेक्षा वर जातो हे मला ठाऊक होतं, पण दवाखान्याचं बिल अंगावर असलेला माणूस थोडं खाली येणारच, असं मी धरलं. ५,००० टोकन यूपीआयने, उरलेले ४९,५०० दुसऱ्या दिवशी. एक गोष्ट इथेच सांगते. टोकन एका खात्यात गेलं आणि बाकीची रक्कम दुसऱ्या नावाच्या खात्यात मागितली गेली. "मेहुण्याचं आहे, माझी लिमिट संपली" म्हणाला. खातं बदललं की हात आखडता घ्या. कारण कितीही खरं वाटलं तरी.

आता ती जागा, जी आठवली की अजून झोप उडते. मी त्याच्याकडे सालाचा जवळून फोटो मागितला होता. विचारलं नाही असं नाही! त्याने व्हिडिओ पाठवला. नाणं बोटांत फिरतंय, कडा दिसते, राजाचा मुकुट दिसतो, उलट्या बाजूची वेलबुट्टी दिसते, पण साल आलं की अंगठ्याची सावली. मी पुन्हा मागितला. तो म्हणाला, "ताई, मोबाईलला मॅक्रो नाही, इतक्या जवळचं फोकस होत नाही." मी "बरं" लिहिलं. त्याच संभाषणात, जरा वर सरकवलं असतं तर, त्यानेच पाठवलेला १८६२च्या रुपयाचा फोटो होता. त्यात राणीच्या केसांची बट न् बट मोजता येते. तोच फोन, तोच माणूस, तोच टेबलावरचा निळा कपडा. तो फोटो मी त्या दिवसानंतर शंभरदा पाहिला असेल. पैसे पाठवण्याआधी एकदा पाहिला असता तर!

आणि तरी मी म्हणेन की माणसाने करायची ती तपासणी मी केली. नाणं आलं ते पुठ्ठ्याच्या फ्लिपमध्ये, म्हणजे नाणं ठेवायच्या पारदर्शक खिडकीच्या चौकटीत, चारी बाजूंनी स्टेपल मारलेलं, वर चिकटपट्टीचं सील. सोबत छापील चिठ्ठी: सात दिवसांत परत घेऊ, सील तुटल्यास नाही. आता सील न तोडता वजन कसं करायचं? मी तोडलं. घरच्या काट्यावर ११.६६ बरोब्बर. सराफ कट्ट्यावर आमच्या नेहमीच्या सराफाकडे नेलं. त्यांनी मशीनवर ठेवलं आणि म्हणाले, "चांदी एकदम चोख आहे बाई, एक्क्याण्णवच्या वर." वजन बरोबर, चांदी बरोबर, कड बरोबर, चुंबकाला चिकटत नाही. यापुढे एका शिक्षिकेने आणखी काय करायला हवं होतं?

यातच त्याची सगळी अक्कल आहे, म्हणून नीट लक्ष द्या. नाणं खोटं नव्हतंच. तो अस्सल, टांकसाळीतला, चोख चांदीचा १९३८चा रुपया होता. नाण्यावरचं साल इंग्रजी आकड्यांत असतं. फक्त ८च्या (8) खालच्या वाटोळ्याची डावी बाजू कोरून काढली आणि ८चा ९ (9) केला. वजनाने हे कळणार नाही, मशीनने कळणार नाही, सराफाला कळणार नाही. सराफ धातू तपासतो, साल नाही. कुणी तुम्हाला "सराफाकडून तपासून घ्या, मग बोला" असं छातीठोक सांगत असेल तर आधी भिंग काढा.

ते मला कळलं कोल्हापूरला, संग्राहकांच्या बैठकीत. तिथल्या एका ज्येष्ठ काकांना मी मोठ्या उत्साहाने नाणं दाखवलं. त्यांनी दहापट भिंग लावलं, दिव्याखाली नाणं तिरपं केलं आणि काही न बोलता पिशवीतून स्वतःचा १९३८चा रुपया काढून शेजारी ठेवला. ९च्या पोटाखालची जागा आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा खोल होती, तिथे बारीक ओरखडे होते आणि चकाकी वेगळी होती. ९चं शेपूट ८च्या उजव्या बाजूवर तंतोतंत बसत होतं. "बाई, किती दिलेत?" एवढंच त्यांनी विचारलं. दहा-बारा जणांसमोर मला आकडा सांगता आला नाही. ते भिंग बाजारात काही शे रुपयांत मिळतं.

विकणाऱ्याला मेसेज केला. उत्तर आलं, "ताई, सील तोडलंत. शिवाय मुदत उलटली." फोन केला, तर नंबर ब्लॉक. ग्रुपवर लिहिलं, तर ॲडमिनने माझाच मेसेज उडवला. म्हणे, पुरावा नसताना कुणाची बदनामी नको, ग्रुपचं वातावरण बिघडतं. भिंगातून काढलेले सहा फोटो जोडले होते त्या मेसेजला! ज्या ग्रुपचा ॲडमिन विक्रीवर कमिशन घेतो, त्या ग्रुपवर न्याय मागायला जाऊ नका.

मग सुरू झाली दुसरी फरपट, आणि ती पहिलीपेक्षा जास्त लागली. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर फोन केला. पलीकडची मुलगी म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, वस्तूही मिळाली, मग ऑनलाईन फ्रॉड कसा? बराच वाद घातल्यावर तक्रार नोंदवली. पोर्टलवर ती आजही 'प्रक्रियेत' आहे. बँकेत गेले. समोरच्या खातेदाराची माहिती देता येत नाही, पोलिसांचं पत्र आणा. पोलीस ठाण्यात गेले. बँकेकडून समोरच्या खात्याचा तपशील आणा. हे दोघे एकमेकांकडे बोट दाखवत राहिले आणि मी रजा टाकून मध्ये हेलपाटे घालत राहिले.

ठाण्यात ज्यांच्यासमोर बसले त्यांनी नाणं हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "चांदीचं आहे ना? मग फसवणूक कसली?" मी साल समजावून सांगितलं. ८ आणि ९, कागदावर काढून दाखवलं. शेजारचे दोघे हसले. तिसऱ्याने ऐकवलं, "रिझर्व्ह बँकेने सांगितलंय ना जुन्या नाण्यांच्या नादी लागू नका म्हणून?" नाही सांगितलेलं! रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये जे पत्रक काढलं ते वेगळं आहे. बँकेचं नाव वापरून, जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी शुल्क किंवा कमिशन मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं त्यात आहे. संग्राहकाने संग्राहकाकडून नाणं घेणं हा गुन्हा नाही, आणि साल कोरून नाणं विकणं ही फसवणूक आहे. चारचौघांत मला मूर्ख ठरवण्याआधी त्यांनी ते पत्रक एकदा वाचायला हवं होतं.

मग हद्द आली. विकणारा दुसऱ्या जिल्ह्यातला, तिकडे जा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ स्पष्ट आहे: गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घ्यावी लागते. मी छापील कागद नेला होता. "ताई, आम्हाला कायदा शिकवू नका." शेवटी साधा अर्ज घेतला आणि पोच हवी म्हटल्यावर कपाळाला आठ्या पाडून शिक्का मारला. तुमच्यावर वेळ आलीच तर पोच घेतल्याशिवाय उठू नका. ठाण्याने नकार दिला तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांकडे लेखी, टपालाने तक्रार करता येते. मी ती केली आहे. उत्तर नाही.

कुणी सुचवलं, पुरातत्त्व खात्याकडे जा. त्याचाही उपयोग नाही. १९७२चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना लागतो, हा रुपया त्यात बसत नाही. आणि या सगळ्यात एक दिवस 'सायबर सेल'मधून फोन: रक्कम सापडली आहे, ४,९९९ रुपये फाईल चार्ज भरा, लगेच परत मिळेल. माझा तक्रार क्रमांक त्याला तोंडपाठ! मी फोन ठेवला. तक्रार केल्यावर असा फोन येतोच असं समजा, आणि एक पैसा देऊ नका.

घरच्यांचं वेगळंच. "छंदापायी कुणी इतके पैसे घालवतं का?" लोक गाड्यांच्या टायरवर, मोबाईलवर, हॉटेलांत घालवतात तेव्हा कुणी विचारत नाही. रविवारी दुपारी भिंग घेऊन बसणारी बाई मात्र सगळ्यांना खुळी वाटते, आणि तिला लुबाडणारा हुशार.

व्हिडिओत साल, टांकसाळीची खूण आणि कड तिन्ही स्थिर, सावलीशिवाय दिसली पाहिजेत. दिसत नसतील तर व्यवहार नको. दहा हजारांच्या वरचं नाणं हातात घेऊन, भिंगाखाली, शेजारी अस्सल नाणं ठेवून पाहिल्याशिवाय घेऊ नका, त्यासाठी एसटीने दुसऱ्या गावी जावं लागलं तरी जा. आणि सील तोडल्यावर परत घेणार नाही म्हणणाऱ्याला त्याच क्षणी नाही म्हणा. तपासायलाच बंदी असेल तर हमी कसली?

आत्ता लिहायची घाई यासाठी की तो पुन्हा आला आहे. नाव दुसरं, कपडा तोच निळा. एका विद्यार्थ्याने मला स्क्रीनशॉट पाठवला. आता त्याच्याकडे पाचव्या जॉर्जचा १९११चा रुपया आहे. राजाच्या झग्यावरच्या साखळीतल्या हत्तीची सोंड आखूड निघाली, लोकांना तो डुक्कर वाटला, ओरड झाली आणि सरकारने ते रुपये मागे घेऊन बहुतेक वितळवले, तो हा रुपया. १९१२पासून हत्ती सुधारला. म्हणजे १९११च्या अस्सल रुपयावर तो डुकरासारखाच दिसला पाहिजे. लांब सोंडेचा नीट हत्ती आणि खाली १९११ असेल तर साल कोरलेलं आहे. यावेळी त्याने सालाचा फोटो अगदी स्वच्छ दिला आहे. राजाच्या छातीवरच्या साखळीचा दिलेला नाही. कुणी घेणार असेल तर आधी तो मागा, आणि फोकस होत नाही म्हणाला तर माझे भिंगातले फोटो त्याच ग्रुपवर टाका. माझी परवानगी आहे.