आयबीएम १४०२: कुठली जादा सोय घ्यावी, कुठली सोडावी

सिम्युलेटरवर आयबीएम १४०१ हा जुना संगणक उभा करायला घेतला की त्याच्या कार्ड-यंत्राची, म्हणजे १४०२ ची, जादा सोयींची यादी समोर येते. सगळ्यांपुढे 'हो' करून मोकळं व्हावंसं वाटतं. पण मग त्या काळच्या माणसानं कार्यक्रम (प्रोग्रॅम) तसा का लिहिला, हे कधीच उलगडत नाही. १४०१ हा १९५९ साली जाहीर झाला. तो बहुतेक ठिकाणी महिन्याच्या भाड्यानं जायचा, आणि कुठली सोय मागवायची हे आपल्या कामाकडे बघून आधीच ठरवावं लागायचं. आपणही तसंच ठरवू.

आधी साधं यंत्र बघू. कार्डांचा गठ्ठा पालथा, ९ आकड्याची कड पुढे करून ठेवायचा. कार्डाच्या ८० उभ्या स्तंभांना एकेक अशा ८० ब्रशांच्या दोन रांगांखालून ते आडव्या ओळींनी सरकतं. भोक आलं की ब्रश खालच्या रुळाला टेकतो आणि वीज वाहते. पहिली रांग भोकं मोजते, दुसरी वाचते, आणि मोजणी जुळली नाही तर यंत्र थांबतं. पूर्ण वेग मिनिटाला ८०० कार्डं, म्हणजे एका कार्डाला ७५ मिलिसेकंद. त्यातले २१ कार्ड ब्रशांपर्यंत यायला, ४४ वाचायला, आणि उरलेले १० तुमच्या कार्यक्रमाला.

हे १० मिलिसेकंद नीट लक्षात ठेवा. १४०१ चं स्मृतिचक्र, म्हणजे स्मृतीतल्या एका अक्षराला हात लावायला लागणारा वेळ, साडेअकरा मायक्रोसेकंदांचं. पाच आकडी दोन रकमांची बेरीज करायला साधारण पाव मिलिसेकंद लागतो. म्हणजे चाळीसेक बेरजा, की वेळ संपली. अकरावा मिलिसेकंद लागला की कार्ड ओढणाऱ्या फिरत्या क्लचचा पकडायचा दात निघून गेलेला असतो आणि पुढचा दात ७५ मिलिसेकंदांनी येतो. वेग ८०० वरून एकदम ४०० वर. अधलंमधलं काहीच नाही.

यावर दोन उपाय होते. अर्ली कार्ड रीडमध्ये क्लचला एकाऐवजी तीन दात मिळतात, म्हणून चुकलं तर ७५ ऐवजी २५ मिलिसेकंदच जातात. कार्यक्रमातलं एक अक्षरही बदलावं लागत नाही. रीड रिलीजमध्ये ८ हा नवा आदेश मिळतो. तो दिला की कार्ड निघतं, आणि ते ब्रशांपर्यंत पोचेपर्यंतचे २१ मिलिसेकंदही हिशेबाला वापरता येतात. १० चे ३१ होतात.

| प्रत्येक कार्डामागचं काम | साधं यंत्र | अर्ली कार्ड रीड | रीड रिलीज |
|---|---|---|---|
| ८ मिलिसेकंद | ८०० | ८०० | ८०० |
| १२ | ४०० | ६०० | ८०० |
| ३० | ४०० | ६०० | ८०० |
| ४० | ४०० | ४८० | ४०० |

(आकडे मिनिटाला कार्डं.)

मधल्या दोन ओळी बघून रीड रिलीज घ्यावासा वाटतो. मी मात्र शेवटच्या ओळीकडे बघून ठरवेन. खऱ्या कामात प्रत्येक कार्डाला सारखा वेळ लागत नाही. शंभर कार्डांना ६ मिलिसेकंद पुरतात, आणि खातं बदलणारं एखादं कार्ड ४० मागतं. शिवाय ८ चा आदेश दिल्यावर वाचनाचा आदेश त्या २१ मिलिसेकंदांत आलाच पाहिजे, नाहीतर यंत्र थांबतं. म्हणजे कार्यक्रमातल्या प्रत्येक वाटेवरचा वेळ मोजून लिहिणारा, आणि उद्या कुणी दुरुस्ती केली तर पुन्हा मोजणारा माणूस हवा. तसा माणूस असेल आणि काम १० ते ३१ च्या पट्ट्यात ठरलेलं असेल, तर बेलाशक रीड रिलीज घ्या. बाकी सगळ्यांना अर्ली कार्ड रीड. ती चुकीला माफ करते, आणि रोजच्या कामात हा गुण मला वेगापेक्षा मोलाचा वाटतो.

पंच फीड रीडचा प्रश्न वेगाचा नाही. १४०२ ला कार्ड वाचायची आणि कार्डाला भोकं पाडायची अशा दोन स्वतंत्र वाटा आहेत. एरवी जुनी शिल्लक एका वाटेनं वाचायची आणि नवी शिल्लक दुसऱ्या वाटेनं कोऱ्या कार्डावर पाडायची. या सोयीनं पाडणाऱ्या वाटेवरही आधी वाचणारे ब्रश बसतात. मग तेच कार्ड वाचलं जातं, हिशेब होतो आणि उत्तर त्याच्याच रिकाम्या स्तंभांत पडतं. कोरी कार्डं खर्च होत नाहीत, दोन गठ्ठे जुळवायचे राहत नाहीत. वेग अर्थात पाडण्याचा, मिनिटाला २५०. धोकाही तिथंच आहे. क्रम चुकलेला गठ्ठा आत गेला तर चुकीचं उत्तर मूळ कार्डावरच पडतं, आणि भोक काही बुजवता येत नाही. आधी गठ्ठ्याची प्रत काढायची शिस्त असेल तरच ही सोय घ्यावी.

५१ स्तंभांची सोय हवी की नको हे दोन मिनिटांत ठरतं. बिलाच्या कार्डाचा २९ स्तंभांचा तुकडा फाडून उरलेलं ५१ स्तंभांचं कार्ड पैशांबरोबर तुमच्याकडे परत येतं का? येत असेल तर ही सोय लागेलच. येत नसेल तर विषय संपला.

कॉलम बायनरीचं गिऱ्हाईक वेगळं. साधं वाचन एका स्तंभात एक अक्षर शोधतं, आणि भोकांची जोडणी ओळखीची नसली की अडतं. कॉलम बायनरीत कुठलीही जोडणी चालते. प्रत्येक स्तंभातल्या बारा जागांपैकी वरच्या सहा स्मृतीत ४०१ ते ४८० मध्ये जातात, खालच्या सहा ५०१ ते ५८० मध्ये. कार्डावरच्या ९६० च्या ९६० जागा हाती येतात. आयबीएम ७०९० सारख्या मोठ्या यंत्राशेजारी १४०१ ठेवून त्याच्याकडून कार्डांचं टेपवर उतरवून घ्यायचं असेल, तर ही सोय टाळता येणार नाही. पहिल्या स्तंभात ७ आणि ९ अशी दोन भोकं असलेली कार्डं गठ्ठ्यात दिसली, तर ती बहुधा याच जातीची. नुसता पगारपत्रकांचा हिशेब करणाऱ्या कार्यालयाला ती लागत नाही.

पेन्सिलीच्या खुणा वाचणारी मार्क सेन्सिंगची सोय मात्र इथं शोधू नका. ती ५१४ आणि ५१९ सारख्या जुन्या यंत्रांवर मिळायची. वीजवाहक शिशाची पेन्सिल वापरायची, आणि एक खूण तीन स्तंभांची रुंदी घेत असल्यानं कार्डावर २७ च आकडे मावायचे. त्या खुणांची आधी तिथं भोकं करून घ्यायची आणि मग गठ्ठा १४०२ कडे आणायचा.